टिंबक्टूला जायचं म्हणतोय, कुणी गेलंय का?

रानवारा
मंडळी, नमस्कार. भाचा डकारला नोकरीला असतो, "मामा, जानेवारीत याच" म्हणून मागे लागलाय. एवढा खर्च करून सेनेगलपर्यंत जायचंच आहे, तर लहानपणापासून डोक्यात बसलेलं टिंबक्टूही पाहून यावं असा बेत आहे. नकाशावर डकारपासून वीतभरच दिसतं. (सौ.च्या मते माझ्या नकाशावर सगळंच वीतभर असतं.)

सध्या तिथे जाता येतं का? रस्त्याने की विमानाने? आणि मुख्य म्हणजे पाहण्यासारखं काय उरलंय? २०१२ साली बरीच मोडतोड झाली असं वाचलं होतं. वय साठीच्या अलीकडे, गुडघे शाबूत, उंटावर बसायची तयारी. सल्ले जरूर द्या, फक्त "काशीला जा" म्हणू नका, तिथे जाऊन आलोय.

तिरकस
मग गया?

उनाडटप्पू
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सांगलीकर_अप्पा
मी गेलोय. २००९च्या हिवाळ्यात. तेव्हा आमच्या कंपनीचं मालीत, राजधानी बामाकोकडे विजेच्या वाहिन्यांचं काम चाललं होतं.

बामाकोहून मोप्ती, तिथून दुएंझा. इथवर डांबर. पुढे दोनेकशे किलोमीटर लाल मातीची वाट आणि तिच्यावर आडव्या लाटा उठलेल्या. गाडी हळू नेली तर दात वाजतात, जोरात नेली तर लाटांच्या माथ्यावरून सरळ निघून जाते. म्हणून ड्रायव्हर जोरातच नेतो आणि आपण डोळे मिटून घेतो. शेवटी नायजर नदी आडवी येते. फेरीबोटीने पलीकडे कोरिउमेच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून गाव पंधरा-वीस किलोमीटर.

पहिल्या नजरेत निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. सोन्याच्या शहराच्या गोष्टी ऐकून आलेला रने काइये हा फ्रेंच माणूस १८२८ साली अरबाच्या वेषात पोचला, त्यालाही मातीची घरंच दिसली. त्याच्या दोन वर्षं आधी पोचलेला मेजर लेंग तर परतीच्या वाटेवर मारला गेला. दोघं ज्या घरांत उतरले होते त्यांवर पाट्या लावल्यात.

पण दुसऱ्या दिवसापासून गाव उलगडायला लागतं. गल्लीच्या तोंडाशी मातीच्या घुमटाकार भट्ट्या, सकाळी बायका त्यात पाव भाजतात. पावात वाळू असतेच, दाढेखाली कचकचते, कुणी तक्रार करत नाही. जिंगेरेबेर मशीद १३२७ची, मन्सा मूसाने मक्केहून परतल्यावर बांधून घेतलेली. मिनारातून लाकडी वासे बाहेर काढून ठेवलेत. लिंपण करताना गवंडी त्यांवरच पाय ठेवून चढतात. बाजारात ताउदेन्नीच्या खाणींतून आलेल्या मिठाच्या लाद्या. ताउदेन्नी म्हणजे उत्तरेला साडेसहाशे-सातशे किलोमीटर, मध्ये वाळवंट. एक लादी ३०-४० किलोची, कातडी पट्ट्यांनी आवळून बांधलेली, एका उंटावर साधारण चार. लादी वाटेत फुटली की भाव उतरतो, म्हणून उतरवताना सगळे एकदम गप्प होतात.

हे सगळं सांगून झाल्यावर उत्तर: जाऊ नका.

बिनधास्त_बाळ्या
अप्पा, एवढं रंगवून सांगायचं आणि शेवटी "जाऊ नका"? हे म्हणजे पंगतीत बसवून पान उचलण्यातली गत. यूट्यूबवर बघा की, लोक जातायत. बामाकोहून विमानाने जायचं, दोन रात्री राहायचं, परत. परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचत बसलो तर माणूस घरातून निघणार नाही.

सांगलीकर_अप्पा
बाळ्या, तो व्हिडिओवाला परत आला म्हणून व्हिडिओ आहे.

ऑगस्ट २०२३पासून अल-कायदाशी बांधलेल्या गटाने टिंबक्टूची नाकेबंदी केली. ७ सप्टेंबरला नायजर नदीतल्या 'टोंबुक्टू' नावाच्या प्रवासी बोटीवर हल्ला झाला, किमान ४९ नागरिक गेले. त्यानंतर विमानसेवा कधी चालू, कधी बंद. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही त्याच वर्षी माघारी गेली. २०२५च्या सप्टेंबरपासून तर त्याच गटाने इंधनाचे टँकर जाळायला घेतले, राजधानी बामाकोत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. आता विमान आहे, पण उडेल का हे कोण सांगणार?

आणि आपल्या माणसांचं बघ. जुलै २०२५मध्ये पश्चिम मालीत कायेसजवळच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना उचललं. नोव्हेंबरमध्ये कोब्रीजवळ आणखी पाच, विजेच्या कामावरचे. म्हणजे मी करायचो तेच काम. शेजारच्या नायजर देशात त्याच जुलैत दोन भारतीय मारले गेले, एकाला पळवलं. ही पोटासाठी गेलेली माणसं. आपण हौसेसाठी जायचं आणि मग भाच्याने दूतावासाचे उंबरे झिजवायचे?

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. तू दोन रात्री राहून विमानात बसशील. तुला घरात उतरवून घेणारा, गाडीतून फिरवणारा माणूस तिथेच राहणार. परदेशी पाहुणा कुणाकडे होता, हे त्या गावात सगळ्यांना कळतं.

बिनधास्त_बाळ्या
पर्यटक गेलेच नाहीत तर त्या माणसाने खायचं काय? तेही सांगा.

सांगलीकर_अप्पा
बरोबर आहे तुझं. याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा त्या वेळचा वाटाड्या २०१२ला बामाकोला आला, टॅक्सी चालवायला लागला. त्याला विचारलं होतं, पुन्हा यावं का? म्हणाला, "मीच जात नाही, तू कशाला?"

दस्तऐवजी
मोडतोडीबद्दल रानवाऱ्यांनी विचारलंय, त्यावर लिहिते. जुन्या हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते, त्यामुळे हा विषय आमच्याकडे निघतोच.

२०१२मध्ये अन्सार दीन या जिहादी गटाने गाव ताब्यात घेतल्यावर कुदळी लावून पीरांच्या समाध्या पाडल्या. सीदी याह्या मशिदीचं एक दार होतं, ते जगबुडीपर्यंत उघडायचं नाही अशी समजूत होती, तेही फोडलं. पाडापाडीवर देखरेख करणारा अहमद अल-फकी अल-महदी याला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ साली नऊ वर्षांची शिक्षा दिली. वारसा उद्ध्वस्त करणं हाच मुख्य गुन्हा धरून त्या न्यायालयाने दिलेली ही पहिली शिक्षा. समाध्या स्थानिक गवंड्यांनी जुन्या पद्धतीने पुन्हा उभ्या केल्या, २०१५पर्यंत ते काम झालं.

पोथ्यांची गोष्ट वेगळी. त्या प्रामुख्याने घराण्यांच्या मालकीच्या. टिंबक्टूचे ग्रंथपाल अब्देल कादेर हैदारा आणि त्यांच्या साथीदारांनी पत्र्याच्या ट्रंका विकत घेतल्या, रात्री पोथ्या भरल्या, आणि गाढवगाड्या, जीपगाड्या, होड्या मिळेल त्या साधनाने बामाकोला पोचवल्या. जानेवारी २०१३मध्ये पळून जाताना बंडखोरांनी अहमद बाबा या सरकारी हस्तलिखित संस्थेत आग लावली, सुमारे ४,००० पोथ्या गेल्या किंवा नासल्या. पण फार मोठा साठा त्याआधीच निघून गेला होता. बामाकोची हवा दमट, तिथे बुरशीचं भय. ऑगस्ट २०२५मध्ये सरकारने त्यातल्या काही टिंबक्टूला परत न्यायला सुरुवात केली. आमच्यात यावर दोन तट आहेत. कोरडी हवा कागदाला मानवते हे खरं, पण नाकेबंदीतल्या गावात पोथ्या परत? मला तरी घाई वाटते.

भांडारकरमध्ये पोथी हातात घेऊन पाहिलेल्यांना एक गंमत: यांतल्या बऱ्याचशा सुट्या पानांच्या असतात. शिवलेल्या नाहीत, चामड्याच्या वेष्टनात नुसत्या ठेवलेल्या. पानांचा क्रम कळावा म्हणून पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच्या पानाच्या तळाशी लिहून ठेवतात.

तिरकस
दार फोडलं आणि जगबुडी झाली नाही?

दस्तऐवजी
@तिरकस, गावातल्यांना विचारा. त्यांच्या मते झाली.

माद्रिदची_मंजी
रानवारा काका, टिंबक्टूचा हट्ट सोडा आणि शिंगेत्तीला जा. मॉरिटानिया, म्हणजे सेनेगलच्या लगेच वर. भाच्याकडून निघालात की जमिनीवरून पोचता येतं. मी आणि मैत्रीण गेल्या हिवाळ्यात जाऊन आलो.

राजधानी नुआकशोटहून अतार, साधारण साडेचारशे किलोमीटर, डांबरी. दर थोड्या अंतराने पोलिसांची चौकी. तिथे तुमची माहिती वहीत उतरवत बसू नयेत म्हणून पासपोर्टच्या झेरॉक्सा हव्यात, त्यावर व्यवसाय आणि मुक्कामाचा पत्ता लिहून. याला तिकडे 'फिश' म्हणतात. गठ्ठा न्या, खरंच गठ्ठा. अतारला पुढची गाडी मिळते; शिंगेत्ती ८० किलोमीटर, कच्चा रस्ता, घाट चढून पठारावर. वाळू लागायच्या आधी आमच्या ड्रायव्हरने उतरून चारही चाकांतली हवा निम्मी सोडली, कानाने आवाज ऐकून. मीटर वगैरे काही नाही.

गावाचे दोन भाग, मधे कोरडं नदीपात्र. नवं गाव एका बाजूला, जुना क्सार दुसऱ्या. क्सार म्हणजे दगडावर दगड रचलेली घरं, चुना नाही, आणि कित्येक खोल्या छतापर्यंत वाळूने भरलेल्या. मशिदीचा चौकोनी दगडी मिनार, टोकांवर शहामृगाची अंडी. आत आपल्याला सोडत नाहीत, बाहेरून बघायचं. पश्चिम आफ्रिकेतले हाजी इथे जमून तांड्याने मक्केला निघायचे, त्यामुळे पूर्वेकडच्या अरबांत या सगळ्या मुलखालाच शिंगेत्तीचा मुलूख म्हणत. उआदान, तिशित, उआलाता आणि हे, अशी चार गावं १९९६पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

दस्तऐवजीताईंसाठी: ग्रंथालयं इथेही घराण्यांचीच. आम्हाला दाखवणाऱ्या आजोबांनी आधी कुलूप दाखवलं. दारही लाकडी, कुलूपही लाकडी, किल्ली म्हणजे वीतभर काठी आणि तिच्या टोकाला खुंट्या, थेट दात घासायच्या ब्रशासारखी. ती भिंतीतल्या भोकातून हात घालून आतल्या बाजूने लावायची, वर उचलायची, मग अडसर सरकतो. मला तीनदा देऊन तीनदा काढून घेतली, उघडेना. मग हातमोजे घालून त्यांनी खोक्यातून पोथी काढली. खगोलाची होती, लाल-काळ्या शाईत वर्तुळं काढलेली. कडेला वाळवीने खाल्लेलं. एका पानावर थांबून ते बराच वेळ फ्रेंचमध्ये समजावत होते आणि मैत्रीण अर्धंच भाषांतर करत होती.

सुरक्षेचं म्हणाल तर मॉरिटानियातही वाईट दिवस होते. डिसेंबर २००७मध्ये अलेगजवळ चार फ्रेंच पर्यटक मारले गेले, त्यावरून २००८ची डकार रॅली रद्द झाली. पण २०११नंतर तिथे मोठा दहशतवादी हल्ला झालेला नाही. २०१७च्या अखेरीपासून पॅरिसहून अतारला हिवाळी विमानंही पुन्हा सुरू झाली. मालीच्या सीमेकडचा पूर्व भाग मात्र टाळायचा, उआलाता तिकडेच आहे.

नकाशावाला
एक खुलासा, कारण हा सगळाच भाग साहेल समजला जातो. शिंगेत्ती साहेलात नाही, सरळ सहारात आहे. साहेल हा वाळवंट आणि गवताळ प्रदेश यांच्यामधला पट्टा, थोडा का होईना पाऊस पडणारा. टिंबक्टू त्याच्या उत्तर काठावर. मॉरिटानियाचा फक्त दक्षिण भाग साहेलात येतो.

तिरकस
@नकाशावाला, उंटाला सांगून पाहिलंत का?

आजी_ऑनलाइन
शाकाहारी माणसाने काय खायचं तिथे? रानवारा, तुम्ही खाता का?

रानवारा
आजी, मी सगळं खातो. सौ. खात नाही. आणि आता हे शिंगेत्ती प्रकरण तिने वाचलंय, "किल्ली मी उघडून दाखवते" म्हणतेय. म्हणजे ती येणार.

माद्रिदची_मंजी
काकू येणार, मस्त! खाण्याचं: किनाऱ्याकडे भात आणि मासे, आत कुसकुस आणि मटण. "मांस नको" म्हटलं की मटण बाजूला काढून तोच रस्सा वाढतात, तेव्हा आधीच स्वयंपाकघरात जाऊन सांगावं. वाळूत भाजलेली भाकरी मिळाली तर सोडू नका. निखारे बाजूला सारायचे, गरम वाळूत कणीक पुरायची, वर पुन्हा वाळू-निखारे. झाल्यावर काठीने बडवून झाडतात. खजूर मुबलक. चहा पुदिना घातलेला, छोट्या पेल्यात, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीआधी उठणं बरं दिसत नाही. फेस यावा म्हणून या पेल्यातून त्या पेल्यात इतक्या वेळा ओततात की आपण बघूनच दमतो.

रात्री थंडी असते जानेवारीत, स्वेटर लागतो. बायकांनी अंग झाकलेलं असावं. तिथल्या बायका मल्हफा नेसतात, लांबलचक पातळ कापड. नऊवारी नेसणाऱ्या बाईला अजिबात अवघड नाही. दारूबंदी आहे, सामानात आणू नका.

आजी_ऑनलाइन
मेतकूट आणि भाजणी न्या. भात कुठेही मिळतो, मेतकूट मिळत नाही.

खडूस
सगळ्यांचं वाळू-चहा-पोथी चाललंय, म्हणून विरजण घालतो. मॉरिटानियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९८१ साली. जगात सगळ्यात शेवटी. तो गुन्हा ठरायला २००७ उजाडलं. हरातीन समाज, म्हणजे पूर्वीच्या गुलामांचे वंशज, आजही जमिनीपासून शाळेपर्यंत सगळ्यात मागे. तुमच्या फोटोतला चहा कोण ओततंय, उंट कोण हाकतंय, पाणी कोण भरतंय, ते पाहिलंत का कुणी? पोथ्यांच्या कपाटांत गुलामांच्या खरेदी-विक्रीचे कागदही सापडतात.

माद्रिदची_मंजी
@खडूस, पाहिलं. मळ्यात खजुराच्या झाडांना पाणी देणारे आणि मुक्कामाच्या घराचे मालक यांच्यात फरक दिसतो, कुणी सांगावं लागत नाही. आम्ही मळ्यातल्या माणसाबरोबरच अर्धा दिवस हिंडलो, पैसे त्याच्याच हातात दिले. त्याने काय बदलतं? फारसं नाही. पण "म्हणून जाऊच नये" हे मला पटत नाही.

दस्तऐवजी
खडूस म्हणतात ते खरं आहे, आणि ते टिंबक्टूलाही लागू आहे. मीठ-सोन्याच्या व्यापाराबरोबर माणसांचाही व्यापार होता, तिथल्या पोथ्यांत गुलामांच्या मुक्ततेचे दाखलेही आहेत. आणि त्याच गावातल्या अहमद बाबा या पंडिताने कुणाला गुलाम करता येतं आणि कुणाला नाही यावर निवाडा लिहिला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. मुसलमानाला गुलाम करायचं नाही, कातडीच्या रंगावरून तर नाहीच, असा त्याचा मुद्दा. बाकीच्यांबद्दल मात्र तो गप्प बसत नाही, त्यांना चालतं म्हणतो. हे वाचायला मिळतं म्हणूनच कागद टिकले पाहिजेत.

खडूस
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

उनाडटप्पू
खडूस यांनी धन्यवाद म्हटलं. धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

फलाट_क्र_६
मॉरिटानिया म्हटलं आणि लोहखनिजाच्या गाडीचं नाव कुणीच काढलं नाही? झुएरातच्या खाणींपासून नुआधिबू बंदरापर्यंत ७०० किलोमीटर, १९६३ सालचा मार्ग, गाडीची लांबी अडीच किलोमीटरपर्यंत. २०० वाघिणी! गाडी सुटताना जोडांचा धडधडाट पुढून मागे येत जातो. लोक उघड्या वाघिणीत खनिजावर बसून फुकट जातात. अतारपासून शूम स्टेशन जवळ आहे. रानवारा, सोडू नका.

माद्रिदची_मंजी
काका, हे काकूंना वाचू देऊ नका. रात्रभर उघड्यावर कडाक्याची थंडी, लोखंडाची भुकटी कानानाकात, आणि परदेशी लोकांना वाघिणीत बसू देत नाहीत असंही हल्ली वारंवार ऐकू येतं. शूमला उभं राहून गाडी जाताना बघा. मिनिटंच्या मिनिटं जातच राहते.

फलाट_क्र_६
उभं राहूनही चालेल. ध्वनिमुद्रण करून इथे टाका, ही अट.

नकाशावाला
अवांतर: शिंगेत्तीची उल्का. १९१६मध्ये गास्तों रिपेर नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने सांगितलं की एका स्थानिकाने त्याला रातोरात उंटावरून नेऊन १०० मीटर लांबीचा लोखंडी डोंगर दाखवला, आणि पुरावा म्हणून साडेचार किलोचा दगड आणला. दगड खरी उल्का निघाला. डोंगर आजतागायत सापडला नाही. तेओदोर मोनो या निसर्गशास्त्रज्ञाने कितीतरी वर्षं शोधला, शेवटी एका साध्या टेकडीलाच रिपेर फसला असं त्याचं मत झालं.

तिरकस
आमच्याकडे एक बिल्डर असंच करतो. नमुना फ्लॅट खरा असतो.

रानवारा
मंडळी, ठरलं. टिंबक्टू नाही. अप्पांचं ते "तुला घरात उतरवून घेणारा तिथेच राहणार" वाचून सौ. म्हणाली, आता विषय संपला. शिंगेत्ती, जमलं तर उआदान. आता व्हिसा, लस, पैसे यांचं कुणी सांगा.

सांगलीकर_अप्पा
व्हिसा: जानेवारी २०२५पासून मॉरिटानियाला आधी ऑनलाइन अर्ज लागतो, सीमेवर जाऊन बघू हे दिवस गेले. लस: पिवळ्या तापाची, निदान दहा दिवस आधी. सेनेगल आणि मॉरिटानिया दोन्ही भारताच्या यादीत आहेत, दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. तुम्ही साठीच्या जवळ आहात, पहिल्यांदाच घेत असाल तर डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. नुआकशोटला आता आपला दूतावास आहे, तिथे नोंद करून ठेवा. पैसे: युरो रोख. अतारच्या पुढे कार्डाची आशा नको. तिथलं चलन उगिया, पाच खूम्सचा एक, आणि २०१८मध्ये नोटांवरचं एक शून्य कापलंय; बाजारात अजून जुन्या हिशेबाने किंमत सांगतात. दहापट ऐकू आली तर भांडू नका, आधी विचारा.

बिनधास्त_बाळ्या
मी तरी कधीतरी टिंबक्टूला जाणार. नोंद करून ठेवा.

सांगलीकर_अप्पा
जा रे बाबा. रस्ता उघडला की मीही येतो, दुएंझापासून गाडी तू चालव.

रानवारा
शेवटचा प्रश्न. भाच्याची गाडी सेनेगलच्या नंबरची आहे. ती घेऊन सरळ नुआकशोटला जाता येईल का? सीमेवरच्या रोसोला फेरीबोट आहे म्हणे.

माद्रिदची_मंजी
रोसो टाळा, दलालांचा वैताग. डिआमाच्या धरणावरून ओलांडा, शांत आहे, पुढे डिआवलिंगचं पक्षी उद्यान लागतं, जानेवारीत रोहित आणि पाणकावळे भरपूर, दुर्बीण घ्या. गाडीचं म्हणाल तर मॉरिटानिया २००० साली पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास संघटनेतून बाहेर पडला, त्यामुळे सेनेगलचा विमा तिकडे चालत नाही, सीमेवर वेगळा काढावा लागतो. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर भाच्याला आधी कंपनीचं पत्र आणायला सांगा.

रानवारा
गाडी कंपनीचीच आहे. विचारून कळवतो.